खंडेराव मापाड्याची कंबर

पंचवटीच्या भाजीबाजारात खंडेराव मापाड्याच्या काट्याला कुणी नाव ठेवत नसे. शेतकरी म्हणायचे, खंडेरावानं तोललंय ना, मग पुन्हा तोलायचं कारण नाही. पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवून वजन मारणाऱ्या एका दलालाचं पारडं त्यानं एकदा भर बाजारात उलटं करून सगळ्यांना दाखवलं होतं. तो दलाल पुढं वर्षभर त्याच्याशी बोलला नाही आणि खंडेरावाला त्याचं काही वाटलंही नाही.

अशा माणसानं सलग चार महिने खोटं माप दिलं. तेही बाजारात नव्हे, दवाखान्यात.

त्याचं असं झालं. पंचाहत्तर साली कांद्याची गोणी काट्यावर सरकवताना त्याच्या कमरेत कट्कन काहीतरी झालं आणि तो जागच्या जागी खिळला. तेव्हापासून दुखणं जे मागं लागलं ते लागलंच. कळ कमरेतून निघायची आणि डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. कधी ठणका, कधी मुंग्या, कधी नुसतं ओझं. आठ वर्षांत त्यानं तीन डॉक्टर केले. एकानं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि यात काही नाही म्हणाला. जणू दुखणं खंडेरावानं घरून तयार करून आणलं होतं. दुसरा, खंडेराव बाकावर टेकायच्या आत चिठ्ठी लिहून मोकळा व्हायचा. तिसरा बरा वाटला होता. त्यानं सहा इंजेक्शनं दिली, प्रत्येक वेळी आता फरक पडेल म्हणाला. सातव्या खेपेला खंडेरावानं खरं ते सांगितलं, की फरक नाही. तेव्हा तो भडकला. तुम्हाला बरं व्हायचंच नाही, सगळे मनाचे खेळ आहेत, असं कंपाउंडरच्या देखत म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या दिवशी खंडेराव एक गोष्ट शिकला. औषध लागू पडलं नाही की डॉक्टर औषधावर चिडत नाही, पेशंटवर चिडतो.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याला गोटीरामनं चौथ्या डॉक्टरकडं नेलं. गोटीराम बाजारातला हमाल, तोंडाचा फाटका पण मनाचा मोकळा. गंगापूर रोडच्या सुरुवातीला डॉक्टर गांगुर्डे म्हणून निफाडकडचा एक तरुण डॉक्टर नुकताच बसायला लागला होता. जाड चष्मा, पांढरा शर्ट, भिंतीवर बुद्धाची तसबीर. खंडेराव बाकावर बसला आणि सवयीनं दोन वाक्यांत सगळं उरकायला लागला: कंबर दुखते, आठ वर्षं झाली. डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली. टेबलाला वळसा घालून तो आला आणि त्याच बाकावर खंडेरावाशेजारी बसला.

"कुठं दुखतं ते मागाहून पाहू," तो म्हणाला. "आधी मला सांगा, या दुखण्यापायी तुमचं काय काय सुटलं?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, भावकीनं नाही. मग खंडेराव बोलायला लागला. मांडी घालून बसता येत नाही म्हणून पंगतीला जाणं सोडलं. चपलेत पाय बायडाबाई, म्हणजे त्याची बायको, घालून देते. बाजारात सगळे बसून चहा पितात तेव्हा हा खांबाला टेकून उभा. आणि सगळ्यांत शेवटी, जरा लाजत, त्यानं रहाडीचं सांगितलं.

पंचवटीत त्याच्या आळीच्या मधोमध जमिनीखाली एक दगडी हौद होता. वर्षभर तो फळ्या आणि मातीखाली बुजलेला असे, वरून सायकली जात. रंगपंचमीला तो उघडायचा, पळसाच्या फुलांचा उकळलेला केशरी रंग त्यात ओतायचा, पूजा करायची आणि मग सगळ्या आळीनं त्यात उड्या टाकायच्या. हीच रहाड, आणि त्या उडीला म्हणायचं धप्पा. पहिल्या धप्प्याचा मान खंडेरावाच्या घराचा. तो पडल्याखेरीज पाण्याला कुणी पायसुद्धा लावायचा नाही. आठ वर्षं तो मान त्याचा चुलतभाऊ वाल्मीक त्याच्या वतीनं चालवत होता आणि खंडेराव ओट्यावरून बघत होता.

डॉक्टरनं हे सगळं ऐकून घेतलं. पाऊण तास गेला. कंपाउंडर तीनदा डोकावून गेला. मग डॉक्टरनं विचारलं, दुखतं ते साधारण किती, पाठीवर गोणी आहे असं समजून सांगा. मापाड्याला हा प्रश्न विचारायचा अवकाश. खंडेरावानं डोळे मिटले, क्षणभर अंदाज घेतला आणि म्हणाला, "चाळीस किलो. भरून."

डॉक्टर हसला नाही. त्यानं केसपेपरवर चाळीस लिहिलं. त्याखाली लिहिलं: रहाडीत धप्पा.

त्यानं पिवळ्या गोळ्या दिल्या. घोंगडीवर निजून गुडघे छातीशी घ्यायचा व्यायाम स्वतः जमिनीवर निजून करून दाखवला. काट्यापाशी उभं राहताना एका पायाखाली वीट घ्या म्हणाला. आणि दर मंगळवारी या, पण रिक्षानं नको, चालत. थांबत थांबत आलात तरी चालेल. खंडेराव परत निघाला तो अशोकस्तंभापर्यंत कसा आला त्याचं त्यालाच कळलं नाही. कंबर दुखतच होती. पण छातीत काहीतरी उड्या मारत होतं. घरी आल्यावर त्यानं बायडाबाईला सगळं दोनदा सांगितलं. तिनं विचारलं, गुण आला का? तो म्हणाला, अगं, माझ्या शेजारी बसला तो.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरनं लेखणी उचलली, चष्म्यामागचे डोळे मोठे केले आणि विचारलं, "आज किती?"

खरं माप चाळीसच होतं. खंडेरावानं तोंड उघडलं आणि त्याला त्या चेहऱ्यावरची आशा दिसली. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा तो चेहरा होता. हा चेहरा पडलेला बघायचा? आणि एकदा पडला की मग काय होतं ते खंडेरावाला पक्कं ठाऊक होतं. आधी चेहरा पडतो, मग आवाज बदलतो, मग पुढच्या पेशंटला हाक मारली जाते. इतक्या वर्षांनी एक माणूस मिळाला होता जो शेजारी बसून ऐकत होता. तो गमवायचा?

"पस्तीस," खंडेराव म्हणाला.

डॉक्टरचा चेहरा असा उजळला की खंडेरावालाच बरं वाटलं.

मग ते थांबलंच नाही. पुढच्या खेपेला तेहतीस, मग अठ्ठावीस. तिसऱ्या आठवड्यात पिवळ्या गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, तेव्हा त्यानं त्या बंद करून कपाटात ठेवल्या. पण डॉक्टरला ते सांगितलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. व्यायाम मात्र तो इमानानं करायचा, कारण डॉक्टरनं स्वतःचा पांढरा शर्ट जमिनीला लावून ते शिकवलं होतं. चालायचाही. होळकर पुलावर थांबे, रविवार कारंजावर थांबे, पण मंगळवार चुकवत नसे. सकाळपासून त्याची लगबग सुरू व्हायची. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस. बायडाबाई म्हणायची, "डॉक्टरकडं जाता का सोयरिकीला?"

पण परत येताना, मागं दलालाच्या पारड्याखाली सापडलेला तो चिंचेचा गोळा आपल्याच जिभेखाली आहे असं त्याला वाटायचं. ज्याच्या काट्यावर सारा बाजार विसंबून, तो एका भल्या माणसाला दर आठवड्याला कमी तोलून देत होता. पुढच्या मंगळवारी खरं सांगायचं, असं तो दर मंगळवारी ठरवायचा. आणि खरं माप किती आहे हे बघणंच त्यानं सोडून दिलं होतं. कशाला बघायचं? तोंडानं काय सांगायचं ते घरूनच ठरलेलं असायचं.

होळीच्या आधीच्या मंगळवारी तो म्हणाला, "पाच."

डॉक्टर खुर्चीतून उठलाच. केसपेपर त्यानं पहिल्या पानापर्यंत उलटा चाळला आणि तिथल्या ओळीवर बोट ठेवलं. पाच किलो म्हणजे काय, तो म्हणाला, भाजीची पिशवी झाली. मग या रंगपंचमीला पहिला धप्पा तुमचा, आणि मी बघायला येणार. त्यानं कधी रहाड पाहिली नव्हती. खंडेराव मान हलवत राहिला. दाराशी गोटीराम चिठ्ठी घ्यायला थांबला होता, त्यानं ते ऐकलं. गोटीरामला कळलं म्हणजे दुसऱ्या दिवशी बाजाराला कळलं, आणि तिसऱ्या दिवशी आळीला.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. वाल्मीक स्वतः येऊन म्हणाला, दादा, बरं झालं, तुझा मान तुला. आळीतल्या पोरांनी फळ्या उचलल्या, हौद घासला. पळसाच्या फुलांची पोती आली, चुली पेटल्या, काहिलींत रंग खदखदायला लागला. जो तो खंडेरावाच्या पाठीवर थाप मारून जायचा आणि प्रत्येक थापेसरशी त्याच्या अंगठ्यापर्यंत झिणझिणी जायची. एकटी बायडाबाई गप्प होती. अंथरुणावरून उठताना तो अजून तिचा हात धरतो हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक होतं?

"काय करणार हाय तुम्ही?" तिनं विचारलं.

"मारतो धप्पा. एक उडी तर हाय. होऊन जाऊ दे काय व्हायचं ते."

"आणि मग आयुष्यभर मी उचलू तुम्हाला?"

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी तो खरं सांगायला दवाखान्यात गेला. डॉक्टर नवसाबाई नावाच्या म्हातारीचा गुडघा तपासत होता. खंडेरावाला पाहताच त्यानं हात पसरून सांगितलं, मावशी, मी म्हणत होतो ना, ते हेच. म्हातारीनं खंडेरावाचा हात दोन्ही हातांत घेतला. मला वर्षानुवर्षं कुणी गुडघा वाकवायला लावला नव्हता, तुझ्यामुळं मी धीर केला रे बाबा, असं काहीसं ती म्हणाली. खंडेराव नमस्कार करून तसाच मागं फिरला.

रंगपंचमीला दुपारी तीनच्या सुमाराला आळी गच्च भरली. ओटे, गच्च्या, खिडक्या, माणूसच माणूस. ढोल असा वाजत होता की छातीच्या फासळ्यांत घुमावा. काठोकाठ केशरी पाण्यावर फुलांचा वास तरंगत होता. पूजा झाली, नारळ फुटला. खंडेराव धोतर खोचून रहाडीच्या काठावर उभा राहिला आणि आळीनं त्याच्या नावाचा गजर केला. समोरच्या ओट्यावर, गर्दीत एकच पांढराशुभ्र शर्ट होता. डॉक्टर चवड्यांवर उंच होऊन बघत होता. चष्मा चमकत होता. तो तोंडभर हसत होता.

खंडेरावानं पाण्याकडं पाहिलं. मग त्या चेहऱ्याकडं. उडी मारली तर कंबर मोडेल, पण तो चेहरा एवढ्यापुरता वाचेल. आणि उद्या? उद्या आपल्याला उचलून त्याच्याच दवाखान्यात नेतील. तेव्हा त्याला कळेल की चार महिने तो लिहीत होता ते सगळं खोटं होतं. तो पेशंटला नाही, स्वतःलाच दोष देईल. नवसाबाईलाही परत कधी गुडघा वाकव म्हणायचा नाही. खंडेराव इतके दिवस स्वतःचा डॉक्टर जाईल म्हणून भीत होता. त्या डॉक्टरचं काय होईल याचा विचारच त्यानं केला नव्हता.

तो काठावरून मागं फिरला. ढोल अडखळला. गर्दीतून वाट काढत तो ओट्यापाशी आला.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "माप खोटं होतं."

"कसलं माप?"

"पाच नाय. कधीच नव्हतं. तुमचं तोंड उतरू नये म्हणून सांगत गेलो. गोळ्यापण तिसऱ्या आठवड्यापासून बंद हायत, पोटात आग पडायची."

आणि ज्याची चार महिने धास्ती घेतली ते त्याच्या डोळ्यांदेखत घडलं. डॉक्टरचा चेहरा पडला. पार पडला. खंडेराव जमिनीकडं बघत पुढच्याची वाट पाहत राहिला. आता आवाज बदलेल. आता हा पाठ फिरवेल.

डॉक्टर ओट्यावरून खाली उतरला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"मी असं कसं विचारायचो," तो हळू म्हणाला, "की तुम्हाला खरं सांगता येईना?"

खंडेरावानं जमिनीवरची नजर उचलून त्याच्याकडं पाहिलं.

"बरं. मग आज खरं किती?"

खंडेरावानं डोळे मिटले. ढोल, गर्दी, गोटीरामचं ओरडणं, सगळं बाजूला सारून तो कमरेत उतरला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं प्रामाणिकपणे काटा धरला. दांडी हलली, वर गेली, खाली आली, थांबली. त्याला ते खरं वाटेना. त्यानं पुन्हा तोललं.

"पंचवीस," तो म्हणाला.

"नीट बघा."

"बघितलं. सव्वीसला जात नाय. पंचवीसच."

"चाळीसावरून पंचवीस?"

पंधरा किलो. गेल्या आठवड्यात आपण खांबाला न टेकता उभ्यानं चहा प्यायलो, हे खंडेरावाला आत्ता आठवलं. चपलेत डावा पाय परवा आपला आपणच घातला होता. होळकर पुलावर थांबायचं कधी बंद झालं? खोटं सांगायच्या नादात त्यानं खऱ्याकडं पाहिलंच नव्हतं, आणि खरं आपलं चोरपावलांनी येऊन बसलं होतं.

"पण गोळ्या तर तुम्ही घेतल्याच नाहीत," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण रागानं नव्हे. "मग पंधरा किलो गेलं कशानं? व्यायामानं एवढं? चालून? खंडेराव, कशानं गेलं हो?"

"मला काय ठाऊक. तुम्ही शेजारी बसता ना, तेव्हापासून जायला लागलं असंल."

डॉक्टर हसायला लागला. आधी चाचरत, मग मोठ्यानं, मग खंडेरावाचे दोन्ही खांदे धरून. त्यानं बजावलं की धप्पा मारायचा नाही, या वर्षी नाही, पुढचं पुढं पाहू. खंडेरावानं वाल्मीकला हाक मारली, त्याच्या कपाळाला स्वतः गुलाल लावला आणि म्हणाला, मान माझा आहे, आणि मी तो तुला देतोय, मार. वाल्मीकनं असा धप्पा मारला की पाणी समोरच्या ओट्यापर्यंत उडालं. ढोल पुन्हा धडधडला आणि आळी पाण्यात कोसळली.

आता रहाडीचा कायदा असा, की काठावर कोरडं कुणी उभं राहायचं नाही. गोटीरामला त्या पांढऱ्या शर्टाचा मघापासून जाच होत होता. "डॉक्टर, इंजेक्शन घ्या आता," म्हणत त्यानं आणि आणखी दोघांनी डॉक्टरला उचललं आणि दिलं आत. डॉक्टर बुडाला, वर आला, नखशिखांत केशरी, तोंडात पाणी, आणि डोळ्यांवर चष्मा नाही. हातांनी तो समोरची हवा चाचपत होता.

एकच कल्लोळ झाला. चष्मा पडला, उड्या थांबवा. धप्प्यांनी बरंच पाणी बाहेर गेलं होतं, आता ते छातीपर्यंतच होतं. पण त्या दाट रंगात स्वतःचा हातही दिसत नव्हता. वीस-पंचवीस जण पायांनी तळ चाचपायला लागले. जो तो दुसऱ्याच्या पायावर पाय देत होता आणि चष्मा मिळाला म्हणून ओरडत होता. खंडेराव काठावरून सगळ्यांना दिशा सांगत होता: इकडं नाय, तिकडं, उत्तरेच्या कोपऱ्यात. कुणी ऐकेना. शेवटी त्याला राहवेना. कोपऱ्यात बांबूची शिडी लावलेली होती. शिडीला धरून, एकेक पायरी, उजवा पाय आधी, मग डावा, तो खाली उतरला.

पाणी कोमट होतं. मांड्यांना लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं. इतक्या वर्षांनी. खाली पडलेलं काहीतरी उचलून घ्यावं तसं पाण्यानं त्याला अलगद वर घेतलं. कंबर दुखत होती, दुखायची ती दुखणारच होती, पण खंडेराव एवढा मोठ्यानं हसत होता की ओट्यावर बायडाबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की रडते आहे ते कुणालाच कळेना. पाय घासत घासत तो उत्तरेच्या कोपऱ्याकडं सरकला. अंगठ्याला काहीतरी गुळगुळीत लागलं. मग एक दांडी.

"सापडला," तो ओरडला. "डॉक्टर, माझ्या पायाखाली हाय. पण मला वाकता येत नाय."

"हलू नका," डॉक्टर म्हणाला. आवाजाच्या रोखानं लोकांना चाचपत तो आला, त्याचा हात खंडेरावाच्या खांद्यावर पडला. त्यानं छाती भरून श्वास घेतला, नाक दाबलं आणि केशरी पाण्यात बुडी मारली.